नापास करण्यापूर्वी

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणहक्काच्या नियमांत दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास त्याच इयत्तेत ठेवण्याची वाट केंद्राच्या शाळांत मोकळी झाली. आम्हा बदलीच्या नोकरीतील लोकांची पुष्कळशी मुले याच शाळांत शिकतात. ‘बरे झाले, आता पोरे अभ्यासाला लागतील,’ असे उद्गार आमच्या कचेरीतही ऐकू आले. आम्हांला मात्र बरे झाले असे वाटत नाही.

प्रथम विरुद्ध पक्षाचे खरे तेवढे मान्य करू. २००९ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवू नये असे ठरविले. त्याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने मुलाचे आकलन सतत तपासत राहावे असेही सांगितले होते. पुष्कळ शाळांनी पहिले कलम पाळले आणि दुसरे गुंडाळून ठेवले. नापास करावयाचे नाही म्हणजे तपासावयाचेच नाही, असा सोयीचा अर्थ लावण्यात आला. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही. अशा मुलांस वर्षानुवर्षे वर ढकलीत नेणे ही दया नव्हे, हेळसांड होय.

परंतु हे मूल पाचवीत अडलेले नाही. ते दुसरीत अडले. तिसरीत आणि चौथीत कोणी पाहिले नाही. त्याला पाचवीच्या बाकावर पुन्हा बसवून, पाचवीचेच धडे पुन्हा ऐकवून दुसरीचे वाचन कसे येणार? तीन वर्षांची थकबाकी एका परीक्षेच्या दिवशी मुलाकडून वसूल करावयाची, हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात टिकणार नाही.

नियमांत चांगल्या तरतुदी नाहीत असे नाही. अनुत्तीर्ण मुलास जादा शिकवणी द्यावी आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यावी, असे २०१९ ची दुरुस्ती सांगते. त्यानंतरही मूल मागे राहिल्यास वर्गशिक्षकाने उणिवा हेरून विशेष मार्गदर्शन करावे, मुख्याध्यापकाने अशा मुलांची यादी ठेवून जातीने लक्ष घालावे, असे नवा नियम सांगतो. उत्तम! पण मुख्याध्यापकांची ही यादी मुलाचे वर्ष वाया गेल्यावर का उघडावयाची?

आमच्या एका सहकाऱ्यांची बदली ऑक्टोबरात झाली. मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत पहिल्या पाचांत असणारी. पाचवीच्या मध्यावर ती इंग्रजी माध्यमात जाऊन बसली. गणिताचे उत्तर तिला येई, प्रश्न समजत नसे. मार्चात दोन विषय राहिले. जादा शिकवणी म्हणून धड्यांची यादी हाती आली, पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि फेरपरीक्षेनंतर ती पाचवीतच राहिली. बदलीचा हुकूम निघाला वडिलांच्या नावाने, भोगला मुलीने.

आता आम्ही कारकून मंडळी आमच्याकडे पाहू. १९६५ च्या शिस्तविषयक नियमांनुसार बढती किंवा वेतनवाढ रोखणे ही शिक्षा गणली जाते. ‘किरकोळ’ शिक्षा खरी, पण तीदेखील देण्यापूर्वी सोळाव्या नियमाप्रमाणे आरोप लेखी कळवावा लागतो आणि आमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. तीस-पस्तीस वर्षांच्या लेखनिकास वेतनवाढीसाठी जे संरक्षण आहे, ते दहा वर्षांच्या मुलास आयुष्यातील एका वर्षासाठी नसावे काय?

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. अडलेल्या मुलांची यादी दुसरीपासून, सत्राच्या आरंभी उघडावी. ज्या मुलास मागे ठेवावयाचे, त्याला वर्षभरात काय, केव्हा आणि किती जादा शिकविले, याचा लेखी जबाब शाळेने आधी द्यावा. तो नसेल तर मागे ठेवण्याचा अधिकारही नसावा. आणि बदलीमुळे नव्या माध्यमात आलेल्या मुलास पहिल्या वर्षी तरी या कात्रीत धरू नये.

वाचकांपैकी कित्येकजण अशा शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर बसतात. कार्यालयात कारणे दाखवण्यास सांगितल्यावाचून ज्यांची सही कधी उमटत नाही, त्यांनी समितीच्या पुढल्या बैठकीत हीच रीत शाळेसही लावावी, एवढीच आमची विनंती आहे.