कित्ता गिरवा, पण सनदही सांगा

जगभर ज्या अक्षरांना ‘नामकोचा फॉन्ट’ म्हणतात, ती अक्षरं मुळात नामकोची नाहीत.

‘पॅक-मॅन’ हा खेळ आठवा. काळ्या पडद्यावर निळा भुलभुलैया, ठिपके गिळत पळणारा पिवळा गोळा आणि वरच्या बाजूला ‘हाय स्कोअर’ लिहिलेली ठोकळेबाज इंग्रजी अक्षरं. जपानच्या नामको कंपनीने हा खेळ १९८० साली आणला. आदल्या वर्षीच्या ‘गॅलेक्सियन’मध्येही हीच अक्षरं होती. पण किरकोळ फरक सोडला तर ती त्याआधी, १९७६ साली, अमेरिकेतल्या ‘क्विझ शो’ या खेळात दिसतात. तो खेळ अटारीच्या ‘की गेम्स’ या शाखेचा, आणि अक्षरांचं श्रेय जातं अटारीच्या लायल रेन्स यांच्याकडे. टोशी ओमागारी या जपानी टाइप डिझायनरने २०१९ साली ‘आर्केड गेम टायपोग्राफी’ हे पुस्तक लिहून अशा अक्षरांचा माग काढला, म्हणून ही गोष्ट चार लोकांना कळली. नाहीतर जपानी कंपनीचं नाव अमेरिकी माणसाच्या कामाला कायमचं चिकटलं असतं.

नाणं टाकून खेळायच्या त्या जुन्या मशीनमधली अक्षरं आज अनेक हौशी मंडळी पुन्हा घडवतात. त्यांचे फॉन्ट करतात, बहुतेक वेळा फुकट वाटतात. यावर दोन आक्षेप ऐकू येतात. एक म्हणतो, हा पोरखेळ आहे. दुसरा म्हणतो, ही चोरी आहे. मला दोन्ही पटत नाहीत. माझ्या मते हा कित्ता गिरवण्याचा प्रकार आहे, आणि अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या अशीच जगत आली आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. कित्ता गिरवला जातो, पण सनद सांगितली जात नाही.

आधी हे काम काय आहे ते पाहू. मुलांची चौकटीची वही घ्या आणि आठ बाय आठचा चौकोन आखा. चौसष्ट घरं. त्यात इंग्रजी ‘ए’ काढायचा आहे. पहिल्या ओळीत मधली तीन घरं भरा. दुसऱ्या ओळीत मधे एक घर सोडून दोन्हीकडे दोन-दोन. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत दोन पाय, प्रत्येक पाय दोन घरं रुंद. पाचव्या ओळीत सलग सात घरं, ही आडवी दांडी. पुढच्या दोन ओळींत परत दोन पाय. आठवी ओळ रिकामी, उजवीकडचा शेवटचा उभा रकानाही रिकामा, म्हणजे शेजारचं अक्षर चिकटणार नाही. झाला ‘ए’. उभी रेघ दोन ठिपक्यांची, आडवी एकाच ठिपक्याची. हा फरक काही हौसेपोटी केलेला नाही. जुन्या काचेच्या पडद्यावर एका ठिपक्याची उभी रेघ फिकी पडते, दोन ठिपक्यांची ठसठशीत दिसते.

आठ बाय आठच का? कारण मेमरी महाग होती. ‘पॅक-मॅन’चा पडदा २२४ बाय २८८ ठिपक्यांचा, म्हणजे एकूण ६४,५१२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा साठवायचा तर सोळा हजारांवर बाइट लागले असते. म्हणून पडदा २८ बाय ३६ अशा १,००८ फरश्यांत वाटला. फरशी आठ बाय आठची. मशीनने एवढंच लक्षात ठेवायचं की कोणत्या जागी कोणत्या नंबरची फरशी बसवायची. भिंत ही एक फरशी, ठिपका ही एक फरशी आणि अक्षर हीसुद्धा एक फरशीच. एका रंगाचं अक्षर असेल तर ते आठ बाइटांत मावतं. एवढ्या तंग जागेत ‘एस’ आणि ‘पाच’, ‘बी’ आणि ‘आठ’ वेगळे दिसले पाहिजेत, तेही खेळणाऱ्याची नजर दुसरीकडे असताना. हे काम करणारे बहुतेक लोक प्रोग्रॅमर किंवा चित्रकार होते. जपानमध्ये तर ते स्वतःच्या नव्हे, परक्या लिपीची अक्षरं काढत होते. याला पोरखेळ म्हणणाऱ्याने एकदा चौकटीच्या वहीत इंग्रजी ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ काढून पाहावेत.

पुन्हा घडवणाऱ्याचं कामही वाटतं तितकं सरळ नाही. मशीनच्या रॉम चिपमधला मजकूर संगणकावर उतरवला जातो. जुने आर्केड खेळ चालवणारा ‘मेम’ नावाचा प्रोग्रॅम १९९७ पासून आहे. त्यात खेळाच्या सगळ्या फरश्या एकत्र मांडून बघता येतात. तिथून प्रत्येक अक्षराचा ठिपकान्‌ठिपका उचलायचा आणि फॉन्टच्या फाइलमध्ये ठिपक्याच्या जागी एक चौरस ठेवायचा. आकार नेहमी आठच्या पटीत वापरायचा: आठ, सोळा, चोवीस. मधलाच आकार घेतला तर कडा धूसर होतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

इथे पहिला खरा प्रश्न येतो. चिपमध्ये होते ते चौरस, पण खेळणाऱ्याने चौरस पाहिलेच नव्हते. काचेच्या पडद्यावर ठिपका चमकायचा, थोडा पसरायचा, शेजारच्या ठिपक्यात मिसळायचा, त्यामुळे अक्षर गोलसर दिसायचं. शिवाय कित्येक खेळांची अक्षरं दोन-तीन रंगांची होती, वर फिकट, खाली गडद, धातूची चकाकी असलेली. साध्या फॉन्टमध्ये रंग एकच येतो. मग मूळ कुठलं मानायचं, चिपमधलं की डोळ्यांनी पाहिलेलं? माझ्या मते दोन्ही खरी आहेत. फक्त आपण यातलं कुठलं उतरवलं आहे, हे घडवणाऱ्याने सांगायला हवं.

आता नावांबद्दल. त्या काळच्या खेळांवर कंपनीचं नाव असायचं, माणसाचं सहसा नसायचं. अटारीच्या वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याने घरच्या टीव्हीवर खेळायचा ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ केला आणि कंपनी नाव देत नाही म्हणून आत एक गुप्त खोली ठेवून तिच्यात स्वतःचं नाव लिहिलं. त्या खोलीत जायची किल्ली म्हणजे एक राखाडी ठिपका, जमिनीच्याच रंगाचा, सहज न दिसणारा. स्वतःचं नाव सांगायला माणसाला एका ठिपक्याचा आसरा घ्यावा लागला. त्याच अटारीतले काही प्रोग्रॅमर श्रेय आणि मोबदला या मुद्द्यांवर बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली. जपानी कंपन्यांतही खऱ्या नावाऐवजी टोपणनावं दाखवण्याची पद्धत बराच काळ होती. खेळ बनवणाऱ्याची ही गत, तर त्यातली अक्षरं काढणाऱ्याला कोण विचारतो?

आपल्याकडे या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे. हदीस सांगणारा आधी सांगतो की मी हे अमुककडून ऐकलं, त्याने तमुककडून. या साखळीला इस्नाद किंवा सनद म्हणतात. मजकूर कितीही सुंदर असो, साखळी तुटली असेल तर विद्वान तिथे बोट ठेवतात. खत्ताती म्हणजे सुलेखनातही हाच रिवाज. शागिर्द उस्तादाच्या अक्षराची वर्षानुवर्षं मश्क करतो. ती नक्कल आहे हे तो लपवत नाही, उलट अभिमानाने सांगतो. इजाजत मिळाल्यावरच तो आपल्या लेखनाखाली सही करतो. मराठीतला ‘कित्ता’ हा शब्दही अरबी ‘कित्आ’ पासून आला आहे. म्हणजे नकलेला आपण कधीच पाप मानलं नाही. पाप मानलं ते उस्तादाचं नाव गाळण्याला.

हदीसच्या शास्त्रात ‘मुद्रज’ अशी एक संज्ञा आहे. सांगणाऱ्याचे स्वतःचे शब्द मूळ मजकुरात मिसळून गेले तर त्या भागाला मुद्रज म्हणतात आणि तो वेगळा ओळखून ठेवतात. पिक्सेल फॉन्टला हे तंतोतंत लागू पडतं. मूळ खेळात बऱ्याचदा मोठी इंग्रजी अक्षरं, दहा आकडे आणि चार-दोन चिन्हं एवढाच संच असे. आजच्या फॉन्टला मात्र लहान अक्षरं, युरोपातल्या भाषांच्या खुणा, कधी ग्रीक आणि रशियन अक्षरंही लागतात. ती घडवणारा स्वतः काढतो. यात वाईट काहीच नाही. पण १९८० च्या खेळाचा म्हणून दिलेल्या फॉन्टमध्ये रुपयाचं चिन्ह असेल, तर ते नंतर घातलेलं आहे हे उघड आहे, कारण आपलं रुपयाचं चिन्हच २०१० सालचं. रुपया लगेच ओळखू येतो. लहान ‘जी’ कुणाचा, हे कसं ओळखणार? तो मूळ कारागिराच्या नावावर खपतो आणि तिथेच घोटाळा होतो.

‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा या प्रकारातला फार वापरला जाणारा मोफत फॉन्ट. ‘कोडमॅन३८’ या नावाने काम करणाऱ्या माणसाने तो केला. हा ऐंशीच्या दशकातल्या नामकोच्या खेळांतल्या अक्षरांवर बेतलेला आहे, असं त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलं आहे. ही प्रामाणिक सनद आहे आणि तिचं कौतुक केलं पाहिजे. फक्त ती नामकोपाशी थांबते, अटारीपर्यंत जात नाही. ओमागारींच्या कामानंतर पुढची कडी जोडता येते. सनद अशीच पुरी होते, एकाने जिथे सोडली तिथून दुसऱ्याने पुढे न्यायची.

कुणी म्हणेल, कायदा काय सांगतो ते बघा. अमेरिकेत अक्षराच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही. फॉन्टची फाइल प्रोग्रॅम म्हणून संरक्षित असू शकते, पण नुसत्या ठिपक्यांच्या अक्षरांना हे संरक्षण नाही, असं तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने १९८८ सालीच ठरवलं. म्हणजे मूळ कारागिराचं नाव न घेता त्याची अक्षरं उचलली तरी तिथे कुणी कोर्टात खेचणार नाही. पण कायदा गप्प बसला म्हणून अदबीनेही गप्प बसावं असं थोडंच आहे? जिथे दंडाची भीती नसते, तिथेच अमानतीची परीक्षा होते.

हा प्रश्न फक्त इंग्रजी अक्षरांचा नाही. ओमागारी ज्या मोनोटाइप कंपनीत टाइप डिझायनर होते, त्याच कंपनीच्या साथीने १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक तयार केलं. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वरून निघतो आणि डावीकडे खाली उतरतो, अक्षराचं रूप शेजाऱ्यावर अवलंबून असतं. ते चौसष्ट घरांत कोंबणं अशक्यच. म्हणून जमील यांनी सुटी अक्षरं न घेता जोडाक्षरांचे हजारो तयार आकार लिहिले. त्याला नाव दिलं ते वडिलांचं, नूर अहमद यांचं. त्यांची सनद अशी नावातच शाबूत राहिली. पण त्यापूर्वी रोज रात्री जागून उर्दू वर्तमानपत्रं हाताने लिहिणाऱ्या कातिबांची नावं किती जणांना सांगता येतील?

देवनागरीचंही तसंच. आठ ओळींत तिचा जीव घुसमटतो. एक ओळ शिरोरेषा घेते, दोन ओळी वरच्या मात्रा, दोन खालचे उकार. उरलेल्या तीन ओळींत ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे कसे दाखवणार? म्हणून ‘युनिफॉन्ट’सारख्या मुक्त ठिपका-फॉन्टमध्ये ती सोळा ओळींच्या उंचीत बसवली आहे. मुंबईत लोकलच्या फलाटावर ठिपक्यांनी उजळलेली देवनागरी लाखो लोक रोज वाचतात आणि गाडी पकडतात. त्या अक्षरांवर कुणाचंच नाव नाही. जपानी-अमेरिकी खेळांचा माग चाळीस वर्षांनी का होईना कुणीतरी काढला. आपल्या अक्षरांचा कोण काढणार?

म्हणून हे काम करणाऱ्या, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. फॉन्टच्या फाइलमध्ये रचनाकार, वर्णन आणि परवाना लिहायला वेगळ्या जागा असतात. त्या रिकाम्या सोडू नका. कोणत्या खेळातून अक्षरं घेतली, त्याचं साल काय, आवृत्ती कुठल्या देशातली, हे लिहा. मूळ अक्षरं कुणी काढली हे कळत असेल तर ते नाव आधी लिहा. त्यातली कोणती मूळची आणि कोणती तुमची, हेही लिहा. आणि मग खाली तुमचं नाव घाला, कारण उद्या कुणीतरी तुमचाही कित्ता गिरवणार आहे. या चार ओळी लिहायला पाच मिनिटं पुरतात.