दोन्ही बाजूंचा माणूस

गणेशोत्सवाची वर्गणी देताना आपण पावती मागतो. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मांडून ठेवतो. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेले घर मात्र पानठेल्यावर ओळख झालेल्या एखाद्या गृहस्थाच्या हाती, चिठ्ठीचपाटीवाचून, सोपवून मोकळे होतो. मीही सोपवले. तेव्हा पुढील संतापातला निम्मा वाटा माझ्याच पदरात घालायला हरकत नाही.

नागपुरात प्रतापनगरला आमचे घर होते. मुले पुण्याला आणि परदेशी; वरच्या मजल्यावर कबुतरे. विकायचे ठरले आणि दलाल आला. माणूस गोड. पहिल्याच दिवशी त्याने मला ‘काकाजी’ केले आणि सौ.ला ‘काकू’. किंमत ऐकून म्हणाला, ‘‘काकाजी, मार्केट बसून राहिलं ना! पण आपण काढून देऊ पार्टी.’’ दोन टक्के माझे, दोन टक्के घेणाऱ्याचे.

मग पार्ट्या येऊ लागल्या. पहिलीने भिंतीची ओल दाखवली, दुसरीने दक्षिणेचे दार, तिसरीने नुसताच सुस्कारा सोडला. प्रत्येकाचा आकडा आधीच्याहून कमी. पितृपक्षात ‘आता कोण येते’, दसऱ्याला ‘दिवाळीनंतर बघू’. भूखंड नागपूर सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याचा, म्हणून ‘तिथे ओळख लागते’ हा धाकही होताच. मी एकदा सदरच्या कार्यालयात स्वतःच गेलो. खिडकीवरच्या बाईंनी हस्तांतरणाला लागणाऱ्या कागदांची यादी दोन मिनिटांत सांगितली. ओळख कोणाची लागली नाही. चष्मा तेवढा लागला.

अशा रीतीने मी एक कोटी दहा लाखांवरून पंचाण्णवांवर उतरलो. तेवढ्यात घेणारे कुटुंब दुसऱ्यांदा घर पाहायला आले, आणि त्यांच्या बाईंनी तुळशीवृंदावनापाशी सौ.ला सहज विचारले, ‘‘एक कोटी पाचात हे वृंदावन ठेवाल ना आमच्यासाठी?’’ सौ. आत आली ती पांढरी पडून. वरचे दहा लाख रोखीने, दलालाच्या हातून द्यायचे ठरले होते. ‘काकाजींना तसेच हवे’ असे त्यांना सांगण्यात आले होते! स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये वा त्याहून अधिक रोख घ्यायला आयकर कायद्याने 2015 पासून मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका. मी न पाहिलेल्या पैशाचा जाब उद्या मलाच विचारला गेला असता.

आता कोणी म्हणेल, एक माणूस लबाड निघाला म्हणून सारा धंदा का झोडपता? झोडपतो, कारण प्रामाणिक दलालाचेही गणित हेच आहे. मी महिनाभर थांबून दहा लाख अधिक मिळवले, तर माझ्या बाजूने त्याला मिळणार वीस हजार. आज घाईने सौदा उरकला, तर दोन्हीकडून मिळून तीन लाख ऐंशी हजार हाती. कोण थांबेल? ज्याचे पोट सौदा होण्यावर आहे, तो माझ्या भावासाठी भांडेल ही आशाच भाबडी. वादी आणि प्रतिवादी दोघांकडून फी घेणारा वकील आपण क्षणभर खपवून घेऊ का?

त्याची धावपळ मी नाकारत नाही. गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्यांना कोणीतरी लागतोच. पण मग नियम असावेत. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने दलालाला नोंदणी लावली. महारेराने 2023 पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. उत्तम! परंतु ही नोंदणी आहे विकासकाच्या प्रकल्पातील विक्रीसाठी. नव्या सदनिकेचा दलाल परीक्षा देणार, आणि माझे जुने घर विकणाऱ्याला सही करता आली नाही तरी चालणार! फसण्याची शक्यता जाहिराती देणाऱ्या विकासकाची अधिक, की एकट्या राहणाऱ्या विधवेची? नोंदणी जुन्या घरांच्या दलालालाही हवी, आणि एका व्यवहारात दलाली एकाच बाजूकडून घेण्याचा नियमही हवा.

घेणाऱ्यांशी मी समोरासमोर बसलो. एक कोटीवर जमले. दलाल चारही टक्के मागत आला. 1872 च्या करार कायद्याचे 220 वे कलम मी त्याला वाचून दाखवले: कामात गैरवर्तन करणाऱ्या अभिकर्त्याला त्या कामाचा मोबदला मागता येत नाही. तो शांतपणे म्हणाला, ‘‘काकाजी, कलम कोर्टात. बाजारात जबान चालते.’’ घर सोडताना दारात तंटा नको म्हणून सौ.ने सांगितले आणि मी त्याला पन्नास हजार दिले. ते मला आजही डाचतात.

या दिवाळीत तो आमच्या भाड्याच्या घरी आला, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. जुन्या घरासमोरच्या काकू विकणार आहेत म्हणे, त्यांच्याकडे शब्द टाकाल का? बर्फी सौ.ने ठेवून घेतली. मी त्याच संध्याकाळी काकूंकडे गेलो आणि तासभर बसून त्यांना कराराचा मसुदा लिहून दिला: मुदत तीन महिने, दलाली एका बाजूची, प्रत्येक देकार लेखी, इसार फक्त बँकेतून. काकूंनी तो वाचला, घडी करून देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘पण भाऊजी, तो मुलगा किती चांगला बोलतो हो!’’