सल्ला नव्हे, अधिकार

२०१७ च्या उन्हाळ्यात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एलिफंट हिलच्या वणव्याने सुमारे १,९२,००० हेक्टर भूमी होरपळली. ही सेक्वेपेम या आदिवासी समाजाची परंपरागत भूमी. पूर्वी हा समाज बेताने आग लावून रान मोकळे राखीत असे; १८७४ च्या प्रांतिक कायद्याने त्या प्रथेवर निर्बंध घातले आणि जंगलात जळाऊ झाडोरा साचत गेला. वणव्यानंतर मात्र आठ सेक्वेपेम समुदायांचे नेते व सरकार संयुक्त मंडळात बसले आणि होरपळलेल्या भूमीच्या पुनर्बांधणीची धुरा त्यांनी एकत्र वाहिली. आम्हांस यातील बोध मोलाचा वाटतो. सल्ला विचारणे म्हणजे अधिकार देणे नव्हे. भूमीचे ज्ञान ज्यांचे, त्यांना निर्णयातही वाटा हवा. तोही राख निवण्यापुरता नव्हे, कायमचा.