शेतकऱ्याचा पैसा व गांवची शाळा

यंदा शेतींत भांडवल किती घातलें, असें आमच्या कोणाही वाचकास विचारलें, तर बियाणें, खत, नांगरट व लावणीची मजुरी यांचा हिशेब तो तोंडीं सांगेल. मुलांच्या शिक्षणास किती लागलें, असें विचारलें तर फी, गणवेश व रोह्यास नेणाऱ्या गाडीचें भाडें मिळून होणारा आंकडाहि तो सांगेल, आणि सांगतांना एक सुस्कारा टाकील. परंतु आपल्या गांवच्या शाळेंत आपण काय घातलें, हा तिसरा प्रश्न केल्यास तो बहुधा गोंधळेल. ‘तें सरकारचें काम,’ एवढेंच उत्तर येईल. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम पैशाची गोष्ट घेऊं. सरकारी शाळा सरकारच्या तिजोरींतून निघाल्या, अशी आपली समजूत असते. वस्तुतः मुंबई इलाख्यांत १८६० नंतरच्या दशकांत जमिनीच्या साऱ्यावर दर रुपयास एक आणा लोकल फंड बसविण्यांत आला. १८६९ सालीं त्यास कायद्याचें रूप मिळालें, आणि त्यांतील एक तृतीयांश शाळांकडे व बाकीचा भाग रस्त्यांसारख्या कामांकडे जाऊं लागला. म्हणजे खेड्यांतील जुन्या शाळांचा पाया आपल्या पणजोबांच्या भातखाचरांतून भरला गेला. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेविलें, त्यांतील तक्रार हीच होती: वसूल बहुतांशीं रयतेच्या घामाचा, आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षें वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, असें त्यांनीं मागितलें. देशांतील प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून ही गोष्ट कायद्यांत उतरण्यास २००९ साल उजाडलें. कोठारी आयोगानें १९६६ सालीं सुचविलेला राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाचा आंकडा २०२० च्या धोरणांत पुन्हा लिहिला गेला. गांठला मात्र अद्याप गेला नाहीं. सरकारचें देणें आहे, आणि तें मागितलेंच पाहिजे. पण मागणारा कोण? ज्याचें मूल त्या शाळेंत नाहीं, तो मागत नाहीं.

कुंडलिकेच्या खाडीकांठच्या व पेणकडील खारजमिनी ज्यांनीं कसल्या आहेत, त्यांस भांडवल म्हणजे काय हें आम्हीं शिकविण्याचें कारण नाहीं. शिलोत्री पद्धतींत बांधाच्या दुरुस्तीसाठीं बिघ्यामागें भात वेगळें द्यावें लागे. त्यास शिलोत्री मण म्हणत. बांध शाबूत असला कीं त्या भाताचें फळ डोळ्यांस दिसत नसे. शेत पिके, इतकेंच. पण हयगय होऊन उधाणानें खांड पडली, कीं एकट्याचें नव्हे, तर आंतल्या सर्वांचें शेत खारें होई, आणि तें पुन्हा गोडें होण्यास कित्येक पावसाळे लागत. आपलें शेत उंचावर आहे, आपणांस बांधाशीं काय कर्तव्य, असें म्हणणारा खातेदार तेव्हांहि असेलच. आज तो आपल्या मुलास सकाळीं गाडींत बसवून अष्टमीच्या पुलावरून रोह्यास धाडतो. लिहावयास संकोच वाटतो, पण आमच्या मंडळींपैकीं पुष्कळांचीं मुलें त्याच गाड्यांतून जातात.

बापानें आपलें मूल गांवाच्या पटासाठीं खर्ची घालावें, असें आमचें म्हणणें नाहीं. गांवच्या शाळेंत उणीव नसती तर गाड्या निघाल्याच नसत्या. साठपर्यंत पट असला कीं पहिली ते पांचवीस मिळून दोनच शिक्षक. त्यांतील एक सभेस किंवा गणनेच्या कामास गेला कीं पांचहि वर्ग एकाच्या गळ्यांत. परंतु या उणिवेवर आपण केलेला उपाय तीच उणीव वाढवितो. ऐपतदार खातेदाराचें मूल निघालें कीं पट घटतो, आणि विचारणारा आवाजहि जातो. २०२३ सालीं शिक्षण आयुक्तालयानें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा जोडून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. राज्यांत अशा शाळा चौदा हजारांच्या वर होत्या. गांवची शाळा बंद झाली तर गाडीचें भाडें भरणाऱ्याचें कांहीं अडणार नाहीं. अडेल तें आपल्या लावणीस व कापणीस येणाऱ्या मजुराच्या मुलीचें, आणि भातकापणीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांचें. पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी, असा नियम आहे तो त्यांच्यासाठींच.

शिक्षणांत घातलेला पैसा शेतींत परत येतो काय, असें कोणी विचारील. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचें बियाणें आपण पेरतों. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें क्षार सोसणाऱ्या पनवेल-१, २, ३ या जाती काढल्या. हीं शिक्षणाचींच पिकें होत. परंतु बियाणें निघालें म्हणजे शेतांत पोंचलें असें नव्हे. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांस १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांच्या विवेचनाचा गाभा हाच: गरीब देशांतील शेतकरी अडाणी हिशेबाचा नसतो, त्यास नवीं साधनें व तीं वापरण्याचें ज्ञान हवें असतें. पुढें १९९६ सालीं फॉस्टर व रोझेनझ्वाइग या अभ्यासकांनीं हिंदुस्थानांतील हरितक्रांतीच्या काळची कुटुंबांची माहिती तपासून दाखविलें कीं जेथें नवें बियाणें चाललें, तेथें प्राथमिक शिक्षणाचें मोलहि वाढलें. कॉलेजाचें नव्हे, प्राथमिक शाळेचें, हें ध्यानांत घ्यावें.

रोह्याचा विषय निघाला कीं चिंतामणराव देशमुखांचें नांव येतेंच. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत ते पहिले आले आणि १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांचा अभिमान आम्हांसहि आहे. पण तसा मुलगा कोणत्याहि शाळेंतून वर जातो; ज्या चाळिसांस येथेंच राहून खातें, पीकविमा व कर्जाचा कागद वाचावयाचा आहे, त्यांचा विचार करावयाचा आहे.

कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार तिचा आहे. किती वाचकांनीं तो आराखडा पाहिला आहे? ज्यांचें मूल शाळेंत नाहीं, त्यांनींहि ग्रामसभेंत तो मागावा, वाचून घ्यावा, आणि रिकाम्या शिक्षकाच्या जागेबद्दल ठराव करून तो जिल्हा परिषदेकडे धाडावा. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, आणि मुलांचें वसतिगृह चालविण्यास घरोघरचें धान्य मागितलें. भट्टीवर जाणाऱ्यांचीं मुलें हंगामापुरतीं गांवींच राहून शिकावींत, यासाठीं तसें धान्य आपल्या कणगींतूनहि निघूं शकेल. कापणी झाली कीं थोड्याच दिवसांत तीं कुटुंबें हलूं लागतात. बोलणें त्याआधीं झालें पाहिजे.