तीन रीडिंग्ज, तिन्ही सारखी

परवा भाचीचं केमिस्ट्रीचं जर्नल चाळत होतो. टायट्रेशनची रीडिंग्ज: १०.२, १०.२, १०.२. हसूच आलं. आम्हीही एक रीडिंग घ्यायचो आणि बाकीची दोन 'आणायचो'! पण पोरांना दोष कशाला? उत्तर सरांना आधीच ठाऊक असतं, मग शोधायचं काय?

त्यापेक्षा व्हिनेगरची बाटली द्या. लेबलवरचा टक्का खरा का, विचारा. किती घ्यायचं, इंडिकेटर कुठला, त्यांनाच ठरवू दे. कुणी मिथिल ऑरेंज घेईल, रंग फार लवकर बदलेल, उत्तर भलतंच येईल. येऊ दे की! फिनॉल्फ्थॅलीनच का, हे तेव्हाच डोक्यात शिरेल.

"पोर्शन कधी संपवायचा?" म्हणे. मग निम्मे प्रयोग गाळा ना! तसेही ते जर्नलमध्येच होतात.