सायकलीची सहल कोठे काढावी?

वाईहून सायकलीची सहल निघावयाची म्हटले की पुष्कळांस पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठण्याची ईर्ष्या होते. आमचे मत निराळे आहे. कृष्णाकाठाने मेणवलीस जावे. अंतर सुमारे ३ किलोमीटर, आणि तेथे नाना फडणविसांचा वाडा, नदीचा दगडी घाट व १७३९ च्या वसईविजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा! हौस उरल्यास पुढे धोम आहेच. चढावर मोठी मुले निघून जातात, लहानगा एकटा सायकल ढकलीत राहतो. उतारावर ब्रेक सैल निघाला तर? पालकांनी आदल्या दिवशी ब्रेकचे रबर, साखळी व हवा जातीने पाहावी. पंप मोठ्यांनी वाहावा. गेल्या खेपेस तो कोणीच घेतला नव्हता, आणि एका पंक्चरपायी आम्हां सर्वांस पायपीट घडली.