आकडा दाखवा, पण अटींसकट

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ दाखल्यांच्या सीझनमध्ये म्हसळ्यातल्या कुठल्याही ऑनलाइन फॉर्मच्या दुकानापुढे दहा मिनिटं उभे राहा, हे वाक्य कानावर पडणारच. सकाळच्या एसटीने गावातून आलेल्या मुलीसाठी ‘उद्या’ म्हणजे आणखी एक तिकीट आणि आणखी एक बुडालेला दिवस. पोर्टल सुरू होताना मात्र अनेकदा ऐकवलेलं असतं, की एकाच वेळी इतके लाख लोक आले तरी चालेल, चाचणी झालीय. मग ती चाचणी खोटी होती? तसंच काही नाही. आकडा खराही असू शकतो. तो कुठल्या अटींवर आला, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आणि आपण तरी कुठे विचारतो?

सर्व्हरचा वेग मोजायच्या चाचणीला बेंचमार्क म्हणतात. मशीन तेच, प्रोग्राम तोच, तरी दोन बटणं फिरवली की निकाल बदलू शकतो. एक, मेमरीच्या पानाचं माप. दुसरं, थ्रेडची संख्या.

आधी पान. कॉम्प्युटर मेमरीचे सारखे तुकडे पाडतो, त्यातला एक म्हणजे पेज. इंटेल-एएमडीच्या सर्व्हरवर त्याचं नेहमीचं माप ४ केबी. कुठलं पान कुठे ठेवलंय, याची एक भलीमोठी वही असते आणि प्रोसेसरच्या खिशात एक छोटी डायरी. तिला टीएलबी म्हणतात. आता आपला पोस्टमन डोळ्यांसमोर आणा. त्याने डायरीत एकेक घर लिहिलं तर ती एका गावातच भरेल. घराऐवजी वाडी लिहिली तर तेवढ्याच डायरीत तालुका मावेल. २ एमबीचं मोठं पान म्हणजे ५१२ घरांची वाडी. इंटेलच्या स्कायलेक पिढीत या डायरीच्या मोठ्या भागात १,५३६ नोंदी बसतात. ४ केबीच्या पानांनी त्यात ६ एमबी मेमरीचे पत्ते मावतात, २ एमबीच्या पानांनी ३ जीबीचे! डायरीत पत्ता सापडला नाही की मोठी वही उघडा, आणि तोवर काम खोळंबतं. शेकडो जीबी मेमरी वापरणाऱ्या डेटाबेससाठी हा फरक छोटा नाही.

मग सगळीकडे मोठीच पानं का नाही वापरत? कारण एका घराची गरज असताना अख्खी वाडी अडवून ठेवावी लागते. शिवाय रेडिससारखा डेटाबेस डेटा जतन करताना स्वतःची जुळी प्रोसेस काढतो. जुन्या लिनक्सवर तेवढ्या वेळात पानातलं एक अक्षर बदललं तरी पूर्ण पानाची नक्कल करावी लागायची, ४ केबीऐवजी २ एमबीची. म्हणून मोठी पानं आपोआप देण्याची सोय चालू दिसली की रेडिस सुरू होतानाच इशारा देत आला आहे. मोंगोडीबीनेही वर्षानुवर्षं ती बंद ठेवायला सांगितलं आणि २०२४ मध्ये आठव्या आवृत्तीत, मेमरी वाटायची पद्धत सुधारल्यावर, चालू ठेवा म्हणून सांगितलं. म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मोठ्या पानाला सलग जागा लागते. सर्व्हर नुकताच सुरू केलेला असेल तर मेमरी मोकळी, मोठी पानं भराभर मिळतात. महिनाभर राबलेल्या सर्व्हरवर तसं नसतं. एसटी स्टँडच्या आवारात चार कोपऱ्यांत बाइक्स लावलेल्या असतात ना, तशी गत होते. एकूण जागा भरपूर, पण बस काही आत येत नाही. चाचणी कोऱ्या मशीनवर आणि गर्दी दमलेल्या मशीनवर, तर दोन्ही आकडे जुळणार कसे?

थ्रेडचं तसंच. हायपर-थ्रेडिंग म्हणजे वडापावच्या एका गाडीवर दोन माणसं. एकाचं तेल तापेपर्यंत दुसरा पाव चिरतो, धंदा वाढतो. पण दोघांनाही एकाच वेळी कढई हवी असेल तर कोपराला कोपर लागतं. आणि त्या दोन थ्रेडना खिशातली ती छोटी डायरीही वाटून घ्यावी लागते. पानं लहान असतील तर ती दुप्पट घाईने भरते. म्हणूनच ही दोन बटणं वेगवेगळी तपासून भागत नाही.

दरवेळी दोष याच दोघांचा असतो, असं माझं म्हणणं नाही. नेटवर्क असतं, वाईट लिहिलेला कोड असतो. पण नुसता आकडा हातात असेल तर दोष कुठे आहे हे शोधणार कसं?

यात आम्हा पत्रकारितावाल्यांचाही वाटा आहे. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘ऐरावत’ २०२३ मध्ये जगातल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत ७५ वा आला. त्या एका यंत्रणेचे तीन आकडे जाहीर आहेत. कमी अचूकतेच्या, एआयच्या गणितात कमाल ४१० पेटाफ्लॉप्स, पूर्ण अचूकतेत कागदावर सुमारे १३, आणि प्रत्यक्ष चाचणीत ८.५. तिन्ही खरे. पण हेडलाइनमध्ये कुठला जाईल, सांगायला हवं? सर्व्हरच्या चाचण्या ठरवणारी स्पेक ही संस्था निदान शिस्त पाळते. मोठी पानं होती का, हायपर-थ्रेडिंग चालू होतं का, सगळं निकालासोबत छापावं लागतं. २०२४ च्या सुरुवातीला याच संस्थेने इंटेल झिऑनच्या २,६०० हून जास्त निकालांवर शेरा मारला, कारण वापरलेला कंपायलर त्या चाचणीपुरताच खास चलाख होता. तपशील उघड होता म्हणून पकडता आलं.

तुमच्या खिशातही हे आलंय बरं का. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पानांची सोय आहे. मेमरीची ओढाताण असताना ॲप उघडायचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनी घटतो, काही ॲप्सचा ३० टक्क्यांपर्यंत, असं गुगल सांगतं. मेमरी थोडी जास्त लागते, हेही सांगतं. यूट्यूबवरच्या रिव्ह्यूत यातला ३० तेवढाच दिसला तर नवल वाटून घेऊ नका.

निकालाच्या आदल्या दिवशी आम्ही पेपरात संकेतस्थळांची यादी छापतो. त्याखाली संबंधित खात्याकडून आणखी एक ओळ मागून घ्यायला काय हरकत आहे? चाचणी कोणत्या तारखेला झाली, एकाच वेळी किती जण धरले होते, सर्व्हर किती दिवस चालू होता, आणि पानं व थ्रेडची सेटिंग्ज उद्या तीच राहणार का.